चर्चगेटचं गेट कुठं गेलं?

मुलांनो, आज एका सोप्या प्रश्नाने सुरुवात करू या. चर्चगेटला गेट आहे का?

मुंबईकर मुलांनी लगेच 'हो' म्हटलं असेल. मग सांगा पाहू, कुठं आहे? स्टेशनातून बाहेर पडलं की टॅक्स्या दिसतात, बसगाड्या दिसतात, घाईघाईने पळणारी माणसं दिसतात. गेट काही दिसत नाही!

हा प्रश्न माझ्या डोक्यातून निघालेला नाही बरं का. तो आमच्या पाचवीच्या वर्गातल्या एका मुलाचा आहे. मी लालबाग भागातल्या एका मराठी शाळेत शिकवते. त्या दिवशी भूगोलाचा तास होता. फळ्यावर मी मुंबईचा नकाशा काढत होते, तेवढ्यात हा पठ्ठ्या उभा राहिला. म्हणाला, "बाई, माझे पप्पा रोज कामाला चर्चगेटला जातात. ते म्हणतात, तिथं चर्च पण नाही आणि गेट पण नाही. मग असं खोटं नाव कुणी ठेवलं?"

वर्ग खो खो हसला. मीही हसले. पण खरं सांगू? मला नीट उत्तर येत नव्हतं. मग आम्हा शिक्षकांचं ठरलेलं वाक्य मी म्हटलं, "उद्या सांगते हं!"

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत खिडकीजवळ बसणारी एक मुलगी माझ्यापाशी आली. एरवी ती फार बोलत नाही. तिच्या चाळीच्या दारावर नोटीस लागली होती. चाळ पाडायची आणि त्या जागी उंच इमारत बांधायची, असं ठरलं होतं. तोवर सगळ्या बिऱ्हाडांनी भाड्याने दुसरीकडे राहायचं. तिचे आईबाबा दिवाळीनंतर डोंबिवलीला जाणार होते. म्हणजे तिची शाळाही बदलणार. तिने विचारलं, "बाई, चाळ पाडल्यावर आमच्या चाळीचं नाव कुठं जाईल?"

एका दिवसात दोन प्रश्न, आणि दोन्हींना माझं एकच उत्तर: "उद्या सांगते."

मग काय, वाचनालयात जाऊन पुस्तकं धुंडाळली. चर्चगेटचं गेट शोधता शोधता हाती लागली एक आख्खी नसलेली मुंबई. तिच्यात पाडलेल्या भिंती होत्या, उचलून नेलेला घोडा होता. इतकंच काय, कधी बांधलाच न गेलेला एक रस्ताही होता. मी ठरवलं, या वर्षीची सहल इथंच न्यायची. सूचनावहीत लिहिलं, 'मुंबईतील नसलेल्या गोष्टी पाहणे.' मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. एक पालक तर म्हणाले, "बाई, नसलेलंच बघायचंय, तर शाळेच्या गच्चीवरून दाखवा की! गाडीभाडं तरी वाचेल."

तरी आम्ही निघालो. गणपती होऊन गेले होते, पाऊस ओसरला होता. प्रत्येकाकडे डबा, पाण्याची बाटली आणि एक वही. वहीत दोन पानं आखून घेतली होती. पहिल्या पानावर 'गेलेलं': इथं काय होतं? का गेलं? काय उरलं? दुसऱ्या पानावर 'न झालेलं': इथं काय होणार होतं? का झालं नाही? बरं झालं की वाईट?

तुम्हीही एक वही घ्या आणि चला आमच्याबरोबर.

कोटाची भिंत

चिंचपोकळीला गाडी पकडून आम्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो आणि सेंट जॉर्ज रुग्णालयाकडे वळलो. त्या बाजूला काळ्या दगडांच्या एका जाडजूड भिंतीचा तुकडा उभा आहे. मुलांनी आधी तिला हात लावून पाहिला. मग चौघांनी हात पसरून ती किती लांब आहे ते मोजायला घेतलं.

ही भिंत म्हणजे मुंबईच्या कोटाची शेवटची खूण.

मुंबईची बेटं पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आली ती १६६१ सालच्या लग्नाच्या करारात. १६६८ साली राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, वर्षाला दहा पौंड भाड्याने! पुढे १७१५च्या सुमारास, चार्ल्स बून नावाचा गव्हर्नर असताना, कंपनीने आपल्या वस्तीभोवती भिंत बांधायला घेतली. तिला तीन मोठे दरवाजे होते. दक्षिणेला अपोलो गेट, उत्तरेला बाजार गेट आणि पश्चिमेला चर्च गेट. चर्च गेटातून आत गेलं की रस्ता सेंट थॉमस चर्चकडे जायचा. म्हणून ते चर्च गेट.

"म्हणजे चर्च पण पाडलं?" आमच्या पठ्ठ्याने विचारलं.

नाही! ते चर्च १७१८ साली सुरू झालं आणि आजही हॉर्निमन सर्कलजवळ उभं आहे. स्टेशनापासून जरा चालावं लागतं, एवढंच. तेव्हा पप्पांना सांग, चर्च आहे, फक्त गेट नाही.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तेव्हा मुंबईतल्या इंग्रजांचं धाबं दणाणलं. आता मराठे इथं येणार, या भीतीने व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली आणि भिंतीबाहेर खंदक खणला. १७६९ साली उत्तरेच्या टोकाला जॉर्ज किल्ला जोडला. आम्ही हात लावून पाहिली ती भिंत त्याच किल्ल्याची. भिंतीबाहेरची जमीन मुद्दाम मोकळी ठेवली होती. शत्रू आला तर तोफ डागायला समोर आडोसा नको ना!

मग एवढी मजबूत भिंत पाडली तरी का? १८१८ साली पेशवाई संपली. आता हल्ला करणार कोण? उलट भिंतीच्या आत माणसांची दाटी होऊ लागली. १८०३ साली कोटात भयंकर आग लागली होती, तिची आठवण होतीच. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. शहराला हातपाय पसरायला जागा हवी होती. १८६२ साली बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाला आणि त्याच्या काळात भिंती, दरवाजे सगळं पाडून टाकण्यात आलं. खंदक बुजवला गेला.

उरलं काय? उरली नावं. 'फोर्ट' म्हणजे किल्ला. पण आज तिथं किल्ला नाही, दुकानं आणि कचेऱ्या आहेत. जुनी मराठी माणसं त्या भागाला 'कोट' म्हणायची. बाजार गेट नाही, पण बाजारगेट म्हटलं की माणसं बरोबर रस्ता दाखवतात. आणि उरली ती तोफांसाठी राखलेली मोकळी जमीन! आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल मैदान ही त्याच जमिनीवर आहेत. १९८८ साली सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शाळकरी पोरांनी ६६४ धावांची भागी केली ती आझाद मैदानावरच. तोफांची जागा चौकार-षटकारांनी घेतली, हे ऐकल्यावर मुलांनी एकच गिल्ला केला.

फुलांची देवी आणि काळा घोडा

चालत चालत आम्ही फ्लोरा फाउंटनपाशी आलो. मी आमच्या पठ्ठ्याला कारंज्यासमोर उभं केलं आणि म्हटलं, "हे बघ तुझं गेट."

तो इकडे बघतो, तिकडे बघतो. अरे, चर्च गेट होतं ते इथंच! ते पाडल्यावर १८६४ साली त्या जागी हे कारंजं उभं राहिलं. वर उभी आहे ती फ्लोरा, रोमन लोकांची फुलांची देवी. गंमत म्हणजे हे कारंजं आधी भायखळ्याच्या बागेत, म्हणजे आजच्या राणीच्या बागेत बसवायचं ठरलं होतं. ते तिथं गेलं असतं तर? मुलांनी वहीत दुसरं पान उघडलं. शेजारीच हुतात्मा स्मारक आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी प्राण दिले, त्यांची आठवण. तिथं सगळे आपोआप गप्प झाले. कुणी न सांगता टोप्या काढल्या.

पुढं काळा घोडा. या नावाची गोष्ट तर भलतीच मजेशीर आहे. १८७९ साली इथं इंग्लंडच्या राजपुत्राचा पुतळा बसवला. राजपुत्र काळ्या घोड्यावर स्वार झालेला. पण मुंबईकरांच्या लेखी राजपुत्राची किंमत ती किती! त्यांच्या लक्षात राहिला तो घोडा. जागेचं नावच पडलं काळा घोडा. १९६५ साली तो पुतळा उचलून राणीच्या बागेत नेला. तरी पुढची ५२ वर्षं घोडा नसलेल्या त्या जागेला लोक काळा घोडाच म्हणत राहिले. शेवटी २०१७ साली तिथं नवा काळा घोडा आणून उभा केला. या वेळी वर स्वार नाही!

"बघा बाई," आमची खिडकीजवळची मुलगी हळूच म्हणाली, "नावाने घोड्याला परत बोलावलं."

मी तिच्याकडे पाहतच राहिले.

तिथून जवळच वॉटसन हॉटेलची जुनी इमारत आहे. तिचे लोखंडी खांब आणि तुळया इंग्लंडात ओतल्या, जहाजात भरल्या आणि इथं आणून मेकॅनोच्या खेळासारख्या जोडल्या. १८६९ साली इमारत पूर्ण झाली. ७ जुलै १८९६ या दिवशी ल्युमिए बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच हॉटेलात. आपल्या देशातला पहिला सिनेमाचा खेळ! पण पुढं इमारतीची निगा राहिली नाही. खोल्यांमध्ये कचेऱ्या आणि बिऱ्हाडं आली, २००५ साली सज्जाचा भाग कोसळला. २०१९ साली ती रिकामी करावी लागली. ती पाडावी की वाचवावी, यावर मोठा वाद झाला. मुलं विचारात पडली. ही 'गेलेलं'च्या पानावर लिहायची की नाही? शेवटी एकीने पानाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'जाता जाता अडकलेलं.'

न झालेला रस्ता

गेटवे ऑफ इंडियाला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. जुने मुंबईकर या जागेला पालवा बंदर म्हणतात. डबे उघडले. पोळी-भाजीचे, चटणीचे, कुणाकडच्या पुरीचे वास सुटले. खाणं झाल्यावर मी सगळ्यांना कमानीकडे नेलं.

२ डिसेंबर १९११ या दिवशी राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी या बंदरावर उतरले. पण तेव्हा ही कमान नव्हतीच! स्वागतासाठी पुठ्ठ्याची कमान उभारली होती. खऱ्या कमानीचा पाया १९१३ साली घातला आणि ती पूर्ण होऊन खुली झाली ४ डिसेंबर १९२४ रोजी. जॉर्ज विटेट या वास्तुशिल्पकाराने तिचा आराखडा केला. ती ८३ फूट उंच आहे आणि तिला सुमारे २१ लाख रुपये लागले. ज्याच्यासाठी बांधली तो राजा तर केव्हाच परत गेला होता. पुढं २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण मात्र याच कमानीतून बाहेर पडली आणि जहाजात बसली.

आता मी मुलांना एक खेळ सांगितला. "समुद्राकडे पाठ करा. कमानीतून सरळ शहराकडे बघा. एवढी मोठी कमान आहे, तर तिच्यातून निघणारा रस्ता कुठून जायला हवा?"

सगळ्यांनी बोटं नाकासमोर धरली. समोर काय? छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा, बाग आणि पलीकडे इमारती. रस्ता येतो तो बाजूने, तिरका.

कारण सरळ रस्ता बांधायचा राहूनच गेला! कमानीपासून शहरात जाणारा एक भव्य रस्ता आराखड्यात होता. पण पैसे संपले. म्हणून ही कमान रस्त्याशी कोन करून उभी आहे. लाखो लोक तिथं फोटो काढतात, पण हा तिरपेपणा फार थोड्यांच्या ध्यानात येतो.

"घरात दार केलं आणि अंगण करायचं राहिलं, तसं!" एकजण म्हणाला. अगदी बरोबर.

न भरलेला समुद्र

तिथून बसने आम्ही नरिमन पॉइंटला गेलो. आता तुम्ही म्हणाल, समुद्रावर कुणी काय बांधणार होतं? ऐका तर.

मुंबईला जमिनीची भूक फार जुनी. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्या आपला कापूस घेऊ लागल्या. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. समुद्र हटवून जमीन करायला एक कंपनी निघाली, तिच्या शेअर्ससाठी माणसं वेडी झाली. १८६५ साली युद्ध थांबलं, कापसाचे भाव कोसळले आणि कंपनी बुडाली. किती घरांची धूळधाण झाली!

पुन्हा १९२० नंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड याच्या काळात मोठी योजना निघाली. आठ भाग करून ११४५ एकर समुद्र भरायचा. पण समुद्रातून उपसून टाकलेला गाळ भिंतीच्या फटींतून परत समुद्रातच जाऊ लागला! खर्च मात्र फुगत गेला. तेव्हा खुर्शेद फ्रामजी नरिमन या धाडसी वकिलाने या कामातला गोंधळ चव्हाट्यावर आणला. त्यांच्यावर खटला झाला, त्यातून ते निर्दोष सुटले. शेवटी आठांपैकी चारच भाग पूर्ण झाले. त्यातल्या एका भागावर आपला लाडका मरीन ड्राइव्ह आहे. लोकांनी या सगळ्याला नाव ठेवलं, 'लॉइडसाहेबांचा वेडेपणा'.

आणि आता गंमत पाहा. पुढं १९६०-७०च्या काळात समुद्र भरून जी नवी जमीन झाली, तिला नाव कुणाचं दिलं? नरिमनांचं!

मात्र सगळा समुद्र काही भरला गेला नाही. नरिमन पॉइंट आणि कफ परेड यांच्या मध्ये आजही समुद्र आत आलेला दिसतो. तिथं कोळी बांधवांच्या होड्या हेलकावत असतात. दुसऱ्या पानावरच्या 'बरं झालं की वाईट?' या प्रश्नापुढं सगळ्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'बरं झालं!'

इथंच मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. १९६४-६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी सुचवलं होतं, की मुंबईच्या या टोकाला आणखी गर्दी करू नका, खाडीपलीकडे नवं शहर वसवा आणि सरकारची मुख्य कचेरीही तिकडेच न्या. म्हणजे लोकांना रोज लोंबकळत दक्षिणेकडे यावं लागणार नाही. नवी मुंबई वसली. त्यासाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली. पण मुख्य कचेरी, म्हणजे आजचं मंत्रालय, काही हललं नाही. ते इथंच राहिलं.

"म्हणून पप्पांना गाडीत बसायला मिळत नाही!" आमचा पठ्ठ्या म्हणाला. त्याने लिहिलं, 'वाईट झालं.'

परत लालबागला

संध्याकाळी चिंचपोकळीला उतरलो. पुलावरून समोर उंच उंच इमारती दिसत होत्या आणि त्यांच्यामध्ये एका गिरणीची जुनी चिमणी. मुलं म्हणाली, "बाई, संपली सहल?" मी म्हटलं, "शेवटचं ठिकाण राहिलंय, आणि आपण त्याच्यासमोरच उभे आहोत."

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. मग गिरण्या वाढत गेल्या आणि आपला हा सगळा भाग गिरणगाव झाला. भोंग्यावर माणसं उठायची, भोंग्यावर कामाला जायची. माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. दोन लाखांहून जास्त कामगार त्यात उतरले. माझ्या वडिलांना पुन्हा गिरणीत काम मिळालं नाही. पुढं त्यांनी भाजीची गाडी लावली. मी लहान असताना ते मला गिरणीच्या बंद फाटकापाशी न्यायचे आणि म्हणायचे, "या फाटकातून आत गेलं की डावीकडे आमचं खातं." आज ते फाटकही नाही. वडीलही नाहीत.

गिरण्या बंद पडल्या, तेव्हा त्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीचं काय करायचं हा प्रश्न आला. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सुचवलं, की जमिनीचे तीन वाटे करावेत. एका वाट्यात मैदानं आणि बागा, दुसऱ्या वाट्यात सामान्य माणसांसाठी घरं, तिसरा वाटा मालकांना. पण २००१ साली नियम बदलला. ज्या जमिनीवर काहीच बांधकाम नव्हतं, तेवढ्याच जमिनीचे वाटे करायचे असं ठरलं. त्यामुळे मैदानं आणि घरं यांचा वाटा फार लहान झाला.

पोरं गप्प झाली. मग एकजण म्हणाला, "म्हणजे आपल्याला मैदान मिळणार होतं?"

"हो रे, मिळणार होतं."

आमची मुलं शाळा सुटल्यावर गल्लीत, उभ्या गाड्यांच्या मधल्या जागेत क्रिकेट खेळतात. त्यांनी काय लिहिलं असेल, ते मी सांगायला नको.

तेव्हा त्या खिडकीजवळच्या मुलीने पुन्हा तोच प्रश्न विचारला, "बाई, मग आमच्या चाळीचं नाव कुठं जाईल?"

मी बोलायच्या आधी आमचा पठ्ठ्याच म्हणाला, "अगं, तुमच्या चाळीच्या नावाचा बसस्टॉप आहे ना? मग नाव कुठं जात नाही. चर्चगेटचं गेलं का?"

तिला ते पटलं. जरा वेळाने ती म्हणाली, "नाव राहील. पण जिना कुठं राहील?"

खरंच की! चर्च गेटचं नाव राहिलं, पण तिथल्या पहारेकऱ्याची जागा कुठं होती, दगडाला हात लावला तर कसा लागायचा, हे आता कोण सांगणार?

मग आम्ही काय केलं, ऐका. पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर आख्खा वर्ग तिच्या चाळीत गेला. हातात टेप, सुतळी आणि वह्या. दुसऱ्या माळ्यावरची गॅलरी मोजली, ती ७२ फूट भरली. जिन्याच्या २४ पायऱ्या. त्यातली तिसरी मधोमध झिजलेली, कारण उतरताना सगळ्यांचा पाय तिथंच जोरात पडतो. नळ कुठं, मोरी कुठं, पापड वाळत घालायची जागा कुठं, गणपती बसतो ती खोली कुठली, सगळं कागदावर आलं. एका आजींनी आम्हाला कठड्यापाशी उभं करून दाखवलं, की इथून गिरणीचा भोंगा सगळ्यात मोठा ऐकू यायचा. आम्ही नकाशावर तिथं भोंग्याचं चित्र काढलं. बघता बघता चाळीतली मोठी माणसंही गोळा झाली. "अहो बाई, हे लिहा, ते लिहा," असं सांगू लागली. चार कागद चिकटवून नकाशा पुरा केला आणि वर्गात लावला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती मुलगी वर्गात नव्हती. जायच्या आधी तिने आपली वही मला दाखवली होती. दुसऱ्या पानावर शेवटी तिने एक उंचच उंच इमारत काढली होती, खूप खिडक्यांची. काय होणार आहे? 'आमचं नवं घर.' आणि पुढच्या प्रश्नासमोर, 'बरं झालं की वाईट?', तिने लिहिलं होतं, 'बांधल्यावर सांगेन.'

मी तिला म्हटलं, "नक्की सांग. तोवर वही जपून ठेव."

मुलांनो, तुमच्या गावातही एखादी वेस असेल, जिचं आता फक्त नाव उरलंय. बांधायचा राहिलेला एखादा पूल असेल, बुजलेली विहीर असेल, पाडलेला वाडा असेल. आजी-आजोबांना विचारा. वहीत ती दोन पानं आखा. आणि हो, जे अजून उभं आहे, ते आधी मोजून घ्या. या शनिवारी आपल्याच जिन्याच्या पायऱ्या मोजा पाहू! किती आहेत, ते मला जरूर कळवा.